मदत हवी आहे: पाण्याने अंत्यसंस्काराची सोय कुठे आहे?

लातूरहून विचारतोय. वडिलांनी (तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी) माझ्यासाठी लाकडं जाळायची नाहीत, असं बजावलंय. डिसेंबर 2021 मध्ये गेलेल्या डेस्मंड टुटूंवर (दक्षिण आफ्रिकेतले ख्रिस्ती धर्मगुरू) झाला तसा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलेल्या गरम पाण्यातला अंत्यसंस्कार त्यांना हवाय. त्यात हाडं उरतात, त्यांची भुकटी करून देतात, म्हणजे अस्थिविसर्जनाची अडचण नाही. पाणी मात्र शेकडो लिटर लागतं. 2016 ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावात हे बोलायचं म्हणजे धाडसच!

ओळखीच्या डॉक्टर-वकिलांना विचारलं, त्यांनाही हे नवंच. गोवऱ्यांचा पर्याय माहीत आहे. देहदानाला आई तयार नाही. भारतात ही सोय कुठे रीतसर परवानगीने मिळते का? नसेल तर मराठवाड्यात चालू स्थितीतली विद्युत किंवा गॅस दाहिनी कुठे आहे, आणि बाहेरगावच्यांना कोणती कागदपत्रं लागतात?