प्रेक्षकांना सामावून घेणारे नाटक आणि संस्कृतीचे शिक्षण

प्रश्न : आठवीच्या विद्यार्थ्यांना लोकनाट्याची ओळख चित्रफितीतून करून देण्याऐवजी, त्यांनाच प्रसंगात सामावून घेणारा प्रयोग शाळेच्या आवारात बसवावा, असा विचार आहे. कोणता नमुना डोळ्यांसमोर ठेवावा?

प्रतिसाद १ : वाराणसीजवळच्या रामनगरची रामलीला अवश्य अभ्यासावी. सुमारे महिनाभर चालणाऱ्या या लीलेत अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे गावात वेगवेगळ्या ठिकाणी ठरलेली असून, प्रसंग बदलला की प्रेक्षकही पात्रांमागोमाग चालू लागतात. ध्वनिवर्धक नसल्याने संवादाआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी हाक दिली जाते आणि हजारोंचा समुदाय कान देऊन ऐकतो. कित्येकांच्या हातात रामचरितमानसाची पोथी उघडी असते. माझ्या मते खरे शिक्षण या चालण्यात आणि ऐकण्यात आहे.

प्रतिसाद २ : सहमत आहे, मात्र रामनगरची लीला ही मुळात उपासना आहे. तिथली आरती शाळेत केवळ देखावा म्हणून उचलणे मला योग्य वाटत नाही. स्थळांची रचना जरूर घ्यावी.

प्रतिसाद ३ : सिंधुदुर्गातील दशावताराचाही विचार करावा. तेथे लिखित संहिता नसते. कथानक ठरवून कलावंत संवाद उत्स्फूर्तपणे रचतात. मुलांना एखादा प्रसंग समजावून त्यांनाच बोलू द्यावे, आणि शक्य असल्यास दशावतारी कलावंताला मानधन देऊन मार्गदर्शनासाठी बोलवावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आवारात चार स्थळे ठरवून संवाद मुलांवर सोपवतो.