मदत हवी आहे: एसीतनं पाणी गळायलंय, परत गॅस भरू का?

पन्हाळारोड: मंडळी, तातडीनं सांगा. एसीतनं पाणी गळायलंय. रात्रीत दोनदा उठून गादी सरकवली. गेल्या मार्चमध्येच गॅस भरलाय, तरी सकाळी आलेला मेकॅनिक म्हणतोय गॅस कमी आहे, २,८०० होतील. साडेपाचला परत येतोय. भरू का नको, तेवढंच सांगा.

उद्यमनगरी: विंडो का स्प्लिट? किती टन? पाणी आतल्या युनिटमधनं का बाहेरच्या? डॉक्टरकडं जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणायचं झालं हे, भावा.

पन्हाळारोड: स्प्लिटच की. गादीवर पडतंय म्हणजे आतल्यातनंच. दीड टन. भरू का नको?

काटकसरी_काकू: १८ वर ठेवत असणार तुम्ही. २४ वर ठेवा. २०२० पासूनचे स्टारवाले एसी चालू केले की आपोआप २४ वर येतात, ते उगाच नाही. बिलात फरक पडतो.

पन्हाळारोड: काकू, बिलाचं नंतर बघू. गादी भिजलीय.

कट्ट्यावरचा: कोल्हापुरात एसी लागतोयच कशाला? संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बस.

पन्हाळारोड: आणि झोपायला पण तिथंच जाऊ का?

उद्यमनगरी: गॅस म्हणजे काय पेट्रोल न्हवं, जळून संपायला. बंद नळीत तोच तोच फिरतोय. कमी झाला म्हणजे कुठंतरी लिकेज, बहुतेक वेळा नळीच्या जोडापाशी. ते न काढता भरला तर परत जाणार. मेकॅनिकनं गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं का? आणि खोली गार होतीय का?

पन्हाळारोड: गेज नाही, नळीला हात लावून सांगितलं. गार होतीय की, काल चादर घेतली.

उद्यमनगरी: गॅस कमी असता तर एवढी गार झाली नसती. मग २,८०० खिशातच ठेव.

तांबडा_पांढरा: असं ठोकून देऊ नका. गॅस कमी झाला की कॉइलवर बर्फ धरतो, एसी बंद केला की तो वितळून गळतो. आमच्याकडं हेच झालेलं.

उद्यमनगरी: तुमच्याकडं खोली गार होत होती का? नसणार. आणि नुसती जाळी तुंबली तरी बर्फ धरतो, कॉइलवरनं हवाच जात नाही मग. मेन स्विच बंद करून झाकण उघड, जाळी काढून बघ.

पन्हाळारोड: जाळी काढली. मागच्या शेतात उसाचं पाचट पेटवतात, त्याची काळी राख थापल्यासारखी बसलीय. बर्फ नाही. धुऊन, वाळवून बसवली, चालू केला. अर्ध्या तासात परत टिपटिप.

उद्यमनगरी: पाण्याचा पाइप बाहेर कुठं सोडलाय?

पन्हाळारोड: गॅलरीत, बादलीत. आबांनी गेल्या आठवड्यात ठेवलीय, जास्वंदीला पाणी घालायला. आधी खाली पडायचं.

उद्यमनगरी: टोक पाण्यात बुडतंय का?

पन्हाळारोड: बादली भरत आली की बुडतंय. का?

उद्यमनगरी: अरे, हे पहिल्या ओळीत सांगायचं! आत पंप नसतो, पाणी नुसतं उतारानं येतं. टोक बुडालं की पाइपात हवा कोंडते, पाणी मागं तुंबतं, ट्रे भरून गादीवर सांडतं. पाइप काप, टोक बादलीच्या वर मोकळं लोंबू दे.

इन्व्हर्टरवाला: ते पाणी झाडाला कशाला? बॅटरीत घाला. डिस्टिल्डच असतंय.

तांबडा_पांढरा: अजिबात घालू नका. आत्ताच राख निघाली म्हणाले ना ते? कॉइलवरची धूळ, धातूचे कण सगळं त्यात उतरतं. बॅटरीची वाट लागेल.

इन्व्हर्टरवाला: आमची चार वर्षं चाललीय.

पन्हाळारोड: वीतभर पाइप कापला. भस्सकन आवाज आला, आधी शेवाळाची बुळबुळीत गाठ पडली, मागनं तांब्याभर पाणी. दीड तास झाला, आत एक थेंब नाही. मेकॅनिकला नको म्हणून फोन केला, तर म्हणतोय, "मग सर्व्हिसिंग तरी करून घ्या."

उद्यमनगरी: ती मात्र घे करून. आतला ट्रे पण शेवाळानं भरलेला असणार. आणि आबांना सांग, बादली अर्धी झाली की ओतायची.

पन्हाळारोड: सांगितलं. आबा म्हणतात, मग दुसरी बादली आण.

कट्ट्यावरचा: जास्वंद लाल का पिवळी? पिवळी असली तर एक फांदी द्या की.