जयपूर घराण्याचं गाणं ऐकायला इन-इअर हवेत, पण नेमका कसा आवाज आवडतो तेच कळेना (कोल्हापूर)

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. वायरवाले इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घ्यायचे आहेत. बजेट दोन-अडीच हजार, अगदीच मनात भरलं तर पाचपर्यंत जाईन. ऐकणं बहुतेक आपल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतलं: केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई. शिवाय नाट्यसंगीत आणि मधूनच लावणी. ऑफिस गोकुळ शिरगावला आहे, त्यामुळे जाता-येता बसमध्ये ऐकते आणि रात्री घरी अगदी हळू आवाजात.

सध्याच्या ब्लूटूथ बड्समध्ये डग्गा सगळीकडे पसरतो आणि तानपुरा गायबच होतो. मैत्रिणीचे महागातले लावून बघितले, तर तानपुरा छान आला, पण ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले आणि जुन्या तबकड्यांची खरखर गाण्याच्या पुढं आली. दुकानात पाकीट फोडून ऐकू देत नाहीत. फोनला गोल जॅक नाही, टाइप-सी आहे. काय घेऊ?

उचगाव_फाटा
ट्रूथिअर झीरो रेड. डोळे झाकून घ्या ताई, लई भारी आहे.

शिरोली_फौंड्री
झीरो रेड चांगलाच आहे, पण मॉडेलचं नाव नंतर बघू. ताई, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या आहेत. (पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात: आकडा लहान तितका स्वर खालचा.) त्या ओळखता आल्या की कुठलाही रिव्ह्यू वाचून “हे माझं, हे नव्हं” असं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

डग्गा पसरतो तो साधारण १०० ते २५० हर्ट्झचा भाग फुगवलेला असला की. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक नादांना झाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. जवारीतून, म्हणजे तार घोडीला हलकी घासून, उठणारे तानपुऱ्याचे वरचे नाद त्यामुळंच हरवतात. याचा अर्थ तुम्हाला बास नको असा नाही. ढोलकी-डग्ग्याचा अगदी खालचा घुमारा असू दे, त्याच्या वरचा फुगवटा नको.

‘स’, ‘श’ टोचतात ते ५ ते ९ हजार हर्ट्झच्या मध्ये. तबकडीची खरखरही वरच्याच पट्टीत जास्त जाणवते. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डवर ६-७ हजाराच्या वर गाणं फारसं उरत नाही, खरखर मात्र उरते. हेडफोननं तो भाग उचलून धरला की खरखर पुढं येणारच. त्यात केसरबाईंचा काही दोष नाही.

आता आहेत त्याच बड्सवर एक प्रयोग करा. अँड्रॉइडला वेव्हलेट नाहीतर पॉवरॅम्प इक्वलायझर टाका, म्हणजे एकेक पट्टी कमी-जास्त करता येणारं ॲप. किशोरीताईंचं स्वच्छ ध्वनिमुद्रण एक आणि जुनी तबकडी एक, एवढंच घ्या. आधी २०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कमी करून ऐका. मग ते जागेवर आणून ३ हजारला कमी-जास्त करा, मग ७ हजारला. प्रत्येक वेळी एकूण आवाज सारखा ठेवायचा. थोडं मोठं वाजलेलं कानाला नेहमी सरसच वाटतं आणि तिथंच फसगत होते. काय आवडलं ते लिहून ठेवा आणि इथं सांगा.

बसमध्ये आणि रात्री वेगळी आवड निघाली तरी गोंधळून जाऊ नका. आवाज मंद असला की कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून रात्री थोडा जास्त बास बरा वाटतो, तोच दिवसा मोठ्या आवाजात जड होतो.

उचगाव_फाटा
काका, पण हे सगळं करण्यापेक्षा हरमन कंपनीनं काढलेल्या, हेडफोनचा आवाज कसा असावा त्याच्या आलेखाला जुळणारं घेतलं की झालं की. अभ्यास करूनच काढलाय तो.

शिरोली_फौंड्री
अभ्यास पक्का आहे भावा, शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं बसवून, ऐकवून काढलाय. पण त्यातच दिसलं की बहुतेकांना तो आवडतो, काहींना त्याहून जास्त बास लागतो, काहींना कमी. ताई कुठल्या गटात आहेत ते त्यांच्या कानालाच ठाऊक. सुरुवात करायला तो आलेख उत्तम, तिथंच थांबायचं कारण नाही.

देवल_क्लबच्या_मागं
मी गाणं शिकते, त्यामुळं रोज तासन्‌तास कानात घालते. टिप्सबद्दल (कानात जाणाऱ्या रबरी टोप्या) कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय, कारण आवाजातला निम्मा फरक तिथंच पडतो.

टिप कानात नीट बसून हवा बंद झाली नाही, तर बास गळून जातो आणि उरलेलं सगळं कर्कश वाटतं. ताई, मैत्रिणीचे टोचले त्याचं हेही कारण असू शकेल. डग्ग्याचा लांब घुमारा लावा आणि इन-इअर बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला तर टिप लहान आहे. पुष्कळ जणांचे दोन कान एका मापाचे नसतात, तेव्हा डावीकडे मध्यम आणि उजवीकडे लहान चालतं, त्यात काही वावगं नाही. फोमच्या टिप्सनं वरचा तिखटपणा थोडा मवाळ होतो आणि बाहेरचा आवाजही जास्त अडतो. त्या झिजतात, बदलाव्या लागतात.

झीरो रेडचं नोझल (टिप जिच्यावर बसते ती नळी) जाड आहे. लहान कानाच्या बायकांनी ते आधी बघावं.

रंकाळाकाठची
काका, ताई, मनापासून आभार! प्रयोग केला. २०० हर्ट्झ कमी केल्याबरोबर तानपुरा वर आला, मी थक्कच झाले. ३ हजार कमी केलं तर बाईंचा आवाज लांब गेल्यासारखा, बोल अस्पष्ट, ते अजिबात आवडलं नाही. वाढवलं तर थोड्या वेळानं थकायला होतं. ७ हजारला जरासं कमी केलेलं तबकडीला फार छान, पण नव्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याची चमक जाते. माझे कान लहानच आहेत, बड्सच्याही सगळ्यात छोट्या टिप्स लागतात.

शिरोली_फौंड्री
मग उत्तर तुम्हीच काढलंत. मधला भाग मोकळा, गळा जवळ, वरचं शांत पण बंद नाही, आणि खालचा फुगवटा नको. या वर्णनाला माझ्या मते तांगझूचा वानर एसजी (Tangzu Wan'er SG) जवळ जातो. किंचित उबदार आहे, पण गळ्याला धरून आहे, आणि तुमच्या मूळ बजेटमध्ये बसतो. थोडा फुगवटा वाटलाच तर २०० हर्ट्झला २ डेसिबल कमी करा, भागेल. मूनड्रॉप चू २ याच किमतीच्या आसपास मिळतो, स्वच्छ आहे, पण वरच्या बाजूला उजळ. तुमच्या ‘स’-‘श’चा विचार करता मी तो दुसरा ठेवीन. फायनल ई३००० चं नोझल बारीक आहे, लहान कानात सुखानं बसतं, पण आवाज मऊ आणि गळा मागं. तुम्हाला ३ हजार कमी केलेलं आवडलं नाही, म्हणजे तोही नको.

झीरो रेड तुमच्या आवडीच्या जवळ आहे खरा, पण कानात सुखानं बसत नसेल तर आलेख कितीही सुंदर असो, पैसे घालू नका.

टाइप-सीचा डोंगल (फोन आणि गोल जॅक जोडणारा छोटा तुकडा) आत डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप, असलेलाच घ्या. नुसती वायर जोडून देणारे स्वस्त डोंगल पुष्कळ फोनवर चालत नाहीत. ॲपलचा चांगला आहे, फक्त बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी निघतो.

बसबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. फौंड्रीत आयुष्य गेलं, कान गेलेली माणसं जवळून पाहिलीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. वर ३ डेसिबल चढले की वेळ निम्मा. इंजिनाच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवू नका. फोमच्या टिप्स लावून बाहेरचा आवाज अडवा, आपोआप कमी आवाजात भागतं.

उचगाव_फाटा
काका, हे माहीत नव्हतं. मी पण आज २०० हर्ट्झ कमी करून बघतो.

रंकाळाकाठची
वानर एसजी, डॅकवाला डोंगल आणि फोमच्या लहान टिप्स मागवल्या. तबकड्यांसाठी इक्वलायझरमध्ये वेगळी सेटिंग करून ठेवू का?

देवल_क्लबच्या_मागं
हो, दोन ठेवा. तबकड्यांच्या सेटिंगमध्ये ६ हजारच्या वर हळूहळू उतार द्या, एकदम कापू नका, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. नव्या ध्वनिमुद्रणाला आधी काहीच लावू नका, थोडे दिवस तसेच ऐका.