बंप स्टॉकवरील बंदी रद्द करणारा निकाल: अमेरिकी न्यायालयाने एटीएफला अडवले, ते योग्य झाले का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

१४ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गार्लंड विरुद्ध कारगिल या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी बंप स्टॉकवरील, म्हणजे रायफलीतून भराभर गोळ्या झाडता याव्यात म्हणून तिला बसवायच्या सरकत्या दस्त्यावरील, बंदी रद्द केली. ही बंदी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, घातलेली नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासच्या संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारात ६० माणसे मेली आणि त्यानंतर, २०१८ च्या डिसेंबरात, एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने स्वतःच्या अधिकारात नियम काढून बंप स्टॉकला मशीनगन ठरवले.

मशीनगनची व्याख्या १९३४ च्या कायद्यात आहे: चापाच्या एकाच क्रियेने, आपोआप, एकाहून अधिक गोळ्या सुटल्या पाहिजेत. बंप स्टॉकमध्ये काय होते ते पाहा. डावा हात नळी पुढे दाबून धरतो, उजव्या हाताचे बोट एका टेकूवर स्थिर राहते. गोळी सुटली की धक्क्याने रायफल दस्त्यात मागे सरकते आणि डाव्या हाताच्या दाबाने पुन्हा पुढे येऊन बोटावर आदळते. प्रत्येक गोळीमागे चाप सुटतो आणि पुन्हा दाबला जातो. न्यायमूर्ती थॉमस यांनी तर निकालपत्रात चापाच्या अंतर्भागाच्या आकृत्याच दिल्या आहेत.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की याच एटीएफने आधी अनेक वेळा लेखी कळवले होते की अशी उपकरणे मशीनगन नाहीत. त्या पत्रांवर विसंबून ज्यांनी ती विकत घेतली, ते कायद्यातला एक शब्दही न बदलता दहा वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरले. मारेकऱ्याबद्दल माझ्या मनात तिरस्कारच आहे. पण गुन्हा कशाला म्हणायचे, हे निवडून आलेल्या विधिमंडळानेच ठरवले पाहिजे.

सांजवात

तुमची शेवटची दोन वाक्ये मान्य आहेत, निष्कर्ष मात्र मुळीच मान्य नाही. व्याख्येत ‘चापाची क्रिया’ असे म्हटले आहे, आणि ती क्रिया कोणाच्या बाजूने मोजायची हाच तर वाद होता. चापाच्या यंत्रणेकडे पाहिले तर तो दर गोळीला हलतो. पण बंदूक चालवणाऱ्याकडे पाहिले तर तो एकदाच सुरुवात करतो, पुढे फक्त दाब राखतो आणि मिनिटाला शेकडो गोळ्या सुटत राहतात. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी भिन्नमतात हेच मांडले: बदकासारखे चालणाऱ्या, पोहणाऱ्या आणि ओरडणाऱ्या पक्ष्याला आपण बदकच म्हणतो. लास व्हेगासमध्ये सुमारे दहा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या साध्या रायफलीने आणि नुसत्या बोटाने झाडता आल्या असत्या का?

राहिली काँग्रेस. निकालानंतर काही दिवसांतच सिनेटमध्ये बंदीचे विधेयक एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला, तो एका सदस्याच्या हरकतीने अडला. जे काम होणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे ते काँग्रेसवर सोपवणे, म्हणजे मरणाऱ्यांना वाट पाहायला सांगणे आहे.

उत्तररात्र

सांजवात, तुमचा राग मला समजतो. पण काँग्रेस काम करत नाही म्हणून तिचे काम यंत्रणेने करावे, हे एकदा मान्य केले की पुढचे सरकार त्याच यंत्रणेकडून नेमके उलटे करवून घेईल. न्यायमूर्ती अलिटो यांनीही सहमतीच्या छोट्या मतात लिहिले आहे की १९३४ च्या काँग्रेसने बंप स्टॉक लावलेली रायफल मशीनगनहून वेगळी मानली नसती. उपाय सोपा आहे, कायदा दुरुस्त करा.

मधली वाट

तुम्ही दोघेही एकाच निकालावर अडकला आहात. हे न्यायालय एटीएफचे हात सरसकट बांधत आहे असे म्हणता येत नाही. २६ मार्च २०२५ रोजी बाँडी विरुद्ध व्हँडरस्टॉक या खटल्यात त्याच न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एटीएफचा २०२२ चा ‘घोस्ट गन’, म्हणजे घरी जुळवलेल्या बिनक्रमांकाच्या बंदुकांविषयीचा, नियम उचलून धरला, आणि निकाल लिहिला तो थॉमस यांच्यासोबत कारगिलमध्ये बहुमतात असलेल्या गॉर्सच यांनी.

तिथे प्रश्न सुट्या भागांच्या संचाचा होता. असे संच घरपोच येत, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जात नसे आणि जुळवलेल्या बंदुकीवर क्रमांकही नसे. ज्याने असा संच पूर्वी कधी पाहिलाही नव्हता, अशा माणसाने घरातल्या साध्या अवजारांनी २१ मिनिटांत त्यातून बंदूक तयार केली, हे निकालात नोंदले आहे. माग काढण्यासाठी पोलिसांनी पाठवलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये त्या १९,००० च्या वर गेल्या. १९६८ च्या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दात, सहज शस्त्र होऊ शकणारी वस्तू बसते, म्हणून नियम टिकला.

सांजवात

हे उदाहरण मला जमेचे वाटते, पण पुरेसे नाही. त्या निकालाने नियम संपूर्णपणे बाद ठरत नाही एवढेच म्हटले. कोणता संच नियमात बसतो यावर खटले चालू शकतील. आणि ‘सहज’ या शब्दाला जी लवचीकता १९६८ च्या कायद्यात मिळाली, तीच ‘क्रिया’ या शब्दाला १९३४ च्या कायद्यात का नाकारली, याचे उत्तर मला चापाच्या त्या आकृत्यांत सापडत नाही.