कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, डेबियन: गेम रांगतात, नेमकं कुठे अडतंय?

प्रश्न: जुनी_चिप

२००७ च्या सुमाराचा लॅपटॉप आहे. कोअर टू ड्युओ टी७३००, २ जीबी डीडीआर२ रॅम (एकच पट्टी), इंटेल जीएमए एक्स३१०० ग्राफिक्स, १२८०×८०० चा पडदा आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यावर ६४ बिट डेबियन १३ (लिनक्स) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकलंय. इन्स्टॉलर सुरू होताना पडदा काळा पडत होता, म्हणून बूटच्या ओळीत नोमोडसेट घालून इन्स्टॉल केलं.

ओपनअरीना हा थ्रीडी गेम सेकंदाला जेमतेम ५-६ फ्रेम देतो. माहिती काढली तर ओपनजीएल (थ्रीडी चित्र काढण्याची प्रणाली) ४.५ दिसतं, म्हणजे ड्रायव्हर तर चांगला आहे असं वाटतं. डॉसबॉक्स ०.७४-३ (जुने डॉस गेम चालवणारा एम्युलेटर) मध्ये एक गेम रांगतो, दुसरा इतका सुसाट पळतो की खेळताच येत नाही. पास्कलमध्ये लिहिलेला एक जुना गेम "रनटाइम एरर २००" देऊन बंद पडतो. आवाजही तुटक येतो. ब्राउझर उघडा ठेवून ओपनटीटीडी हा गेम लावला की डिस्कचा दिवा विझतच नाही. शिवाय चार्जर काढून ठेवला की तारीख मागे जाते आणि मग एपीटी (डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक) अपडेट घ्यायला नकार देतं.

यातलं काय सॉफ्टवेअरने सुटेल आणि कशासाठी हार्डवेअर बदलावं लागेल?

प्रतिसाद १: टर्मिनल_वारी

ओपनजीएल ४.५ हाच तुमच्या दुखण्याचा पुरावा आहे. एक्स३१०० ला मेसामध्ये (लिनक्सच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरसंचात) २.१ च्या वर काही मिळत नाही. ४.५ दिसतंय याचा अर्थ ग्राफिक्स चिप कामालाच लागलेली नाही. जीएलएक्सइन्फो या आज्ञेच्या उत्तरात "रेंडरर" ही ओळ बघा, तिथे एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असणार. म्हणजे प्रत्येक पिक्सेल प्रोसेसर रंगवतोय, आणि दोन कोअरच्या प्रोसेसरला हे काम झेपत नाही.

कारण तुम्हीच लिहिलंय: नोमोडसेट. या शब्दामुळे कर्नलमधला आय९१५ ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर मेसा सॉफ्टवेअर रेंडरिंगवर उतरतं. इन्स्टॉलरच्या बूट ओळीत तीन आडव्या रेघांनंतर जे लिहाल ते इन्स्टॉल झालेल्या सिस्टिममध्येही जातं, त्यामुळे तो शब्द अजून तिथेच बसलेला असणार.

ईटीसी फोल्डरमधल्या डीफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची बूटच्या सेटिंगची फाइल आहे. ती रूट म्हणून उघडा, लिनक्सच्या डीफॉल्ट पर्यायांच्या दोन्ही ओळींतून नोमोडसेट काढा, अपडेट-ग्रब चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. आता रेंडररच्या ओळीत ९६५जीएम आणि ओपनजीएल २.१ दिसायला हवं. आकडा उतरेल, वेग चढेल. या चिपला लागणारा मेसाचा ड्रायव्हर क्रोकस. तो वेगळा टाकावा लागत नाही.

पडदा पुन्हा काळा पडला, किंवा डेस्कटॉप १०२४×७६८ मध्ये अडकला, तर या चिपसेटची एक जुनी खोड तपासा. टीव्ही-आउटचं सॉकेट बाहेर नसलं तरी ड्रायव्हरला तिथे टीव्ही जोडलेला भासतो. त्याच ग्रब फाइलमध्ये नोमोडसेटच्या जागी "व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी" घाला (अर्थात रोमन लिपीत, एसव्हिडिओ मोठ्या अक्षरांत, शेवटचा डी लहान). तो भुताटकीचा टीव्ही बंद होतो.

मग ओपनअरीनात ६४०×४८० किंवा ८००×६०० ठेवा, लायटिंग व्हर्टेक्सवर आणा, ब्लूम बंद करा. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर (खिडक्यांचे दृश्य परिणाम) नावाचा टॅब आहे, खेळताना तोही बंद. या चिपवर तो उगाच ओझं होतो.

आणखी एक सांगून ठेवतो. टी७३०० मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना नाहीत. प्रोसेसर ६४ बिट असला तरी एक्स८६-६४-व्ही२ ही पातळी तो गाठत नाही. बाहेरून उतरवलेला एखादा तयार गेम "इल्लिगल इन्स्ट्रक्शन" म्हणत लगेच मेला, तर कारण हेच समजा. सेटिंग शोधत बसू नका. डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजेसना ही अडचण येत नाही, कारण ती ६४ बिटच्या मूळ पातळीसाठी बांधलेली असतात.

प्रतिसाद २: सायकल_मोजणारा

डॉसबॉक्सचं सांगतो. तुमची तिन्ही लक्षणं (वेग, एरर, तुटका आवाज) एकाच सेटिंगची आहेत: सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सने दर मिलिसेकंदाला चालवायच्या सूचनांची संख्या.

०.७४-३ मध्ये ते डीफॉल्टने ऑटो असतं. ऑटोचा अर्थ असा की रिअल मोडमधल्या (प्रोसेसरच्या जुन्या १६ बिट पद्धतीतल्या) गेमला ३००० सायकल्स मिळतात आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये (नंतरच्या पद्धतीत) गेलेल्याला झेपतील तितक्या सगळ्या. ३००० म्हणजे साधारण २८६ चा वेग. त्यामुळे ४८६ साठी लिहिलेला रिअल मोडचा गेम रांगतो. उलट प्रोटेक्टेड मोडचा एखादा गेम स्वतःचा वेग घड्याळाला बांधत नसेल, तर तो उधळतो.

प्रत्येक गेमला वेगळी कॉन्फिग फाइल करा आणि त्यात फिक्स्ड आकडा लिहा. ३८६ च्या जमान्यातल्या गेमला ६००० ते ८००० पासून सुरुवात करा, ४८६ डीएक्स२-६६ साठी २५००० च्या आसपास. कंट्रोल-एफ११ ने सायकल्स घटतात, कंट्रोल-एफ१२ ने वाढतात, आणि आकडा विंडोच्या वरच्या पट्टीत दिसतो. गेम नीट वाटला की तोच आकडा फाइलमध्ये उतरवा.

आवाज तुटतो तेव्हा बहुतेक वेळा सायकल्स वाढवल्या जातात, आणि तिथेच चुकतं. डॉसबॉक्स एकाच कोअरवर चालतो. शेजारी टॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारी आज्ञा) उघडून ठेवा. डॉसबॉक्स १०० टक्क्यांना टेकला असेल, तर तुम्ही मागितलेल्या सायकल्स मशीन पुरवू शकत नाही आणि आवाजाचा बफर रिकामा पडतोय. अशा वेळी सायकल्स १०-१५ टक्के खाली आणा. कॉन्फिग फाइलमध्ये कोअर डायनॅमिक करा, स्केलर नन ठेवा. मिक्सरच्या भागात रेट २२०५०, ब्लॉकसाइज २०४८ आणि प्रीबफर ४० करून बघा. आवाज किंचित उशिरा येईल, पण सलग येईल. गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टरसाठी पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्या. बऱ्याच गेमचा सेटअप आयआरक्यू ५ धरतो आणि मग संगीत वाजतं, पण बंदुकीचा आवाज गायब.

रनटाइम एरर २०० म्हणजे शून्याने भागाकार. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीलाच एक छोटं वेटोळं फिरवून प्रोसेसरचा वेग मोजतात आणि आलेल्या आकड्याला ५५ ने भागतात. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही, आणि प्रोसेसर त्यालाही भागाकाराची चूक म्हणूनच नोंदवतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमपासून पुढे हे होऊ लागलं. तुमच्याकडे सायकल्स १०००० वर बांधा, एरर जाईल. गेममध्ये काही बिघडलेलं नाही.

प्रतिसाद ३: डाग_आणि_डाक

हार्डवेअरचं बघू. आधी तारीख: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख मागे गेली की सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि एपीटीची रिलीज फाइल "अजून लागू झालेली नाही" असं ठरतं, म्हणून अपडेट अडतं. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन वायरी आणि छोट्या कनेक्टरसह असतो. वायरीसकट तयार सेल घ्या. सुट्या सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो.

सगळ्यात मोठा फरक रॅमने पडेल. २०० पिनांच्या डीडीआर२-६६७ एसओ-डिम, २-२ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. डीडीआर३ च्या पट्टीला २०४ पिना असतात आणि खाचही वेगळ्या जागी असते, ती बसत नाही. दोनच का? एक्स३१०० ला स्वतःची मेमरी नाही, ती याच रॅममधून उसनी घेते. एका पट्टीवर कमाल ५.३ जीबी प्रति सेकंद मिळतात, आणि प्रोसेसरची ८०० ची बस एकटीच ६.४ मागू शकते. चिपला उरतं काय? दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये १०.६ देतात. ग्राफिक्सच्या दृष्टीने एकटी ४ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा हे बरं. टाकल्यावर मेमटेस्टची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या.

तोपर्यंत २ जीबीवरच निभावायचं तर झेडरॅम-टूल्स (रॅममधला काही डेटा दाबून साठवणारं साधन) टाका, अल्गोरिदम एलझेड४ आणि टक्केवारी ५० ठेवा. डेबियन १३ मध्ये एक बदल सहज नजरेतून सुटतो: टीएमपी फोल्डर आता रॅममध्ये असतं आणि अर्ध्या रॅमपर्यंत फुगू शकतं. तिथे मोठी झिप उलगडलीत की मशीन गुदमरतं. सिस्टिमसीटीएलने टीएमपी.माउंट मास्क करून रीस्टार्ट केलं की ते पुन्हा डिस्कवर जातं.

डिस्क बदलणार असाल तर साटा एसएसडी चालेल. या पिढीत साटाचा वेग कमीच मिळतो, पण गेम लोड होताना खरा वेळ हजारो लहान तुकडे शोधण्यात जातो, आणि तो वाचतो. बायॉसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना, बघून घ्या.

शेवटी पंखा. एलएम-सेन्सर्स टाका आणि गेम चालू असताना तापमान बघा. ९० च्या पुढे गेलं की थोड्याच वेळात प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो आणि गेम पाच-दहा मिनिटांनी अडखळायला लागतो. हीटसिंकच्या पात्यांच्या आणि पंख्याच्या मध्ये नमद्यासारखा धुळीचा थर बसलेला असतो. नुसती हवा मारून तो निघत नाही, पंखा सोडवून चिमट्याने ओढावा लागतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. मात्र चिपसेटवर आणि प्रोसेसरच्या बाजूला जाड राखाडी थर्मल पॅड असेल, तर त्या जागी पेस्ट लावू नका. तिथली फट पेस्टने भरत नाही.

जुनी_चिप

नोमोडसेट काढलं. रेंडरर ९६५जीएम, ओपनजीएल २.१. ओपनअरीना ६४०×४८० ला आता ३० च्या पुढे आहे. पास्कलवाला गेमही १०००० सायकल्सवर उघडला. सेल आणि रॅम मागवतो.

दोन शंका राहिल्या. कर्नलमध्ये मिटिगेशन्स (प्रोसेसरच्या सुरक्षा-त्रुटींवरचे बचाव) बंद केल्या तर वेग वाढतो असं वाचलं, ते करू का? आणि ३२०×२०० चे गेम पूर्ण पडद्यावर लावले की गोल चाकं आडवी पसरट का दिसतात?

प्रतिसाद ४: टर्मिनल_वारी

मिटिगेशन्स बंद केल्या तर या प्रोसेसरवर फरक जाणवेल. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीपासून बचाव म्हणून कर्नल स्वतःची पेज टेबलं वेगळी ठेवतं. नव्या प्रोसेसरात पीसीआयडी ही सोय असल्याने कर्नलमध्ये जाण्या-येण्याच्या दर फेरीला टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचा कॅश) पुसावा लागत नाही. कोअर टू मध्ये पीसीआयडी नाही, म्हणून किंमत जास्त.

तरीही ज्या मशीनवर ब्राउझर उघडता, तिथे हे करू नका. गेममध्ये बहुतेक वेळ कर्नलच्या बाहेरच जातो, तेव्हा फायदा मुख्यतः डिस्क आणि नेटवर्कच्या कामात दिसेल. मशीन कायम नेटबाहेर राहणार असेल, तर खुशाल बंद करा.

प्रतिसाद ५: चौकोनी_पिक्सेल

चाकांचं कारण पडद्यात आहे. ३२०×२०० चं चित्र ४:३ च्या काचेच्या मॉनिटरवर पसरायचं, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. चित्रकारांनी चाक काढलं ते त्या उंच पिक्सेलांनी. तुमचा पडदा १२८०×८००, म्हणजे बरोबर चौपट. चित्र काठोकाठ बसतं, पण पिक्सेल चौकोनी होतात आणि चाक चपटं पडतं. डॉसबॉक्सच्या रेंडर भागात आस्पेक्ट चालू करा आणि आउटपुट ओपनजीएल ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते योग्यच आहेत. दोन्ही दिशांना पूर्ण पटीत बसणारं सर्वांत लहान माप १६००×१२०० (पाचपट आणि सहापट), ते या पडद्यावर मावत नाही. म्हणून काही उभ्या ओळी शेजारणीपेक्षा किंचित जाड दिसतील. चाक चपटं दिसण्यापेक्षा ते परवडलं.

आता न विचारलेलं. जिथे मूळ गेमचं मुक्त इंजिन आहे, तिथे डॉसबॉक्स वापरूच नका. एम्युलेटर जुन्या प्रोसेसरची एकेक सूचना निभावतो, इंजिन थेट तुमच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं असतं. स्कमव्हीएममध्ये पॉइंट-अँड-क्लिक गेम या लॅपटॉपवर पंखाही वाढू न देता चालतात. डूमचा सोर्स डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला; क्रिस्पी डूम आणि फ्रीडूमचा मुक्त डेटा, दोन्ही डेबियनमध्ये आहेत. ओपनटीटीडी रांगला तर आधी नकाशा २५६×२५६ वर आणा आणि ८बीपीपी-ऑप्टिमाइज्ड ब्लिटर (चित्र रंगवणारा भाग) निवडा. लुआंटी या ठोकळ्यांच्या गेममध्ये दृश्य अंतर ५०-६० वर आणा.

इंजिन मुक्त असलं तरी गेमचा डेटा मुक्त असेलच असं नाही. तुमच्याकडे मूळ सीडी असेल तर डेटा फाइल्स तिच्यावरून कॉपी करा. कॉपी केल्यावर "फाइल सापडत नाही" आलं तर नावं बघा. सीडीवर ती बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत असतात आणि लिनक्स मोठं-लहान वेगळं धरतं. आयओक्वेक३ (क्वेक ३ चं मुक्त इंजिन) ला पॅक०.पीके३ हे नाव लहान अक्षरांतच लागतं.

प्रतिसाद ६: डाग_आणि_डाक

रॅम बसवताना चार्जरबरोबर बॅटरीही काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बॅटरी पार मेलेली असेल तर एकदा टी७३०० चा वेगही तपासा. काही मॉडेलांत बॅटरी नसली किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की बायॉस प्रोसेसर सर्वांत खालच्या वेगावर बांधून ठेवतं. एलएससीपीयू या आज्ञेत कमाल २००० दिसतं, पण गेम चालू असताना प्रोसेसर ८०० किंवा १२०० च्या वर जातच नसेल, तर आधी मूळ वॅटचा चार्जर लावून बघा.