मदत हवी आहे: कर्शॉच्या सहीचं कार्ड, सही खरी आहे का?

डलासकर:
मंडळी, घाई आहे. मुलगा बेसबॉलच्या क्लेटन कर्शॉचा भक्त, तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. कर्शॉ आमच्या डलासचाच, हायलँड पार्क शाळेचा. 2 जुलै 2025 ला त्याने 3000वा स्ट्राइकआउट घेतला (म्हणजे 3000वा फलंदाज स्ट्राइकवर बाद केला) तेव्हा पोरगा टीव्हीसमोर रडला होता. रविवारी पोराचा वाढदिवस, म्हणून कर्शॉची सही असलेलं रूकी कार्ड (खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातलं छापील कार्ड) घेतलं. आता विकणारा फोन उचलत नाही. सही खरी आहे का, कसं ओळखायचं?

ओंकार_बे:
कुठल्या मालिकेचं कार्ड? 2006 चं बोमन क्रोम की 2008 चं टॉप्स अपडेट? दोन्ही बाजूंचे फोटो टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

डलासकर:
2008 चं. वर आरसी, म्हणजे रूकी कार्डचा, शिक्का आहे.

शुभदा_एनजे:
मग रूकी बरोबर. तो शिक्का 2006 पासून सुरू झाला, आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, पोचलेल्यालाच मिळतो. कर्शॉ पहिला सामना खेळला 25 मे 2008 ला, कार्डिनल्सविरुद्ध. 2006 ला डॉजर्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नुसतं निवडलं होतं, सातव्या क्रमांकावर.

ओंकार_बे:
नियम असेल तो. पण जाणकार 2006 च्या सहीवाल्या बोमनच्याच मागे असतात. मी दोन वर्षं पैसे साठवून तेच घेतलं.

शुभदा_एनजे:
त्यांनी काय घ्यावं हे विचारलेलं नाही, ओंकार. त्यांनी घेतलंय.

मिलिंद_पिट्सबर्ग:
कर्शॉ झाला आता, पायरेट्स संघाचा पिचर पॉल स्कीन्सचं बघा. त्याच्या पदार्पणाच्या जर्सीचा तुकडा आणि सही असलेलं एकमेव कार्ड कॅलिफोर्नियातल्या 11 वर्षांच्या मुलाला कार्डांच्या पाकिटात सापडलं. पायरेट्सनी त्यासाठी 30 वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. 2025 मध्ये ते 11 लाख डॉलरच्या वर गेलं. आणि भारतातले पिचर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे), दिनेश पटेलही पायरेट्सनीच घेतले होते, 2008 ला. त्यांच्या सह्या कुणाकडे आहेत का?

ओंकार_बे:
मिलिंदराव, वेगळा धागा काढा. डलासकर, मागच्या बाजूला काय छापलंय? सही कार्ड छापणाऱ्या कंपनीने घेतलेली असेल तर तसं लिहिलेलं असतं.

डलासकर:
मागे फक्त आकडे. सही निळ्या शार्पी मार्करची. शेवटच्या फराट्यात शाईचे बारीक थेंब झालेत, मधून चकचकीत कागद दिसतो. म्हणजे खोटीच ना?

शुभदा_एनजे:
तसं नाही. गुळगुळीत कागदावर शाई नीट धरत नाही, खऱ्या सहीतही असे थेंब होतात. मागे मजकूर नाही म्हणजे सही नंतर कुणीतरी घेतली. कार्ड 2008 चं म्हणून सही 2008 ची असेलच असं नाही, 2020 चीही असेल. त्यामुळे नुसत्या त्याच्या सुरुवातीच्या सह्यांशी ताडून बघू नका. भिंग घ्या. रेघ एका झटक्यात गेलीय की मध्येच पेन थांबलंय, थरथरलंय? थांबलेलं दिसलं तर संशय धरा. पण खात्री पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांकडूनच. रविवारपर्यंत ते होणार नाही. पैसे कसे दिलेत?

डलासकर:
क्रेडिट कार्डाने, मागच्या शुक्रवारी.

शुभदा_एनजे:
मग विकणाऱ्याला आजच लेखी विचारा, सही कुठे नि कधी घेतली. उत्तर नाही आलं तर बँकेत तक्रारीची मुदत किती आहे ते विचारून ठेवा.

ओंकार_बे:
पाठवणारच असाल तर ग्रेडिंग (कार्डाच्या अवस्थेला गुण) करून प्लास्टिकच्या डबीत सीलबंदच करून घ्या.

शुभदा_एनजे:
पंधरा वर्षांच्या पोराला ते हातात धरायचं असेल, ओंकार.

डलासकर:
तेराचा आहे. फोटो रात्री टाकतो. पण एक सांगा, रविवारी कार्ड देऊ का, की निकाल येईपर्यंत थांबू?