अनिनी (दिबांग खोरे, अरुणाचल प्रदेश): परवाने आणि प्रवासाची आखणी – मदत हवी आहे

नमस्कार.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अरुणाचल प्रदेशातील अनिनी येथे जाण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी लागणारे परवाने, मार्ग आणि मुक्काम यांबाबत त्या भागात प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे. तवांग आणि झिरो यांविषयी मराठीत पुष्कळ वाचायला मिळते. दिबांगच्या खोऱ्याविषयी मात्र फारसे हाती लागत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आम्ही चौघे आहोत: मी, माझी पत्नी, माझी आत्या (वय ७३) आणि अमेरिकेत जन्मलेला, आता तिशीत असलेला माझा भाचा. या प्रवासाचे निमित्त आत्या आहे. १९८३ ते १९८७ अशी चार वर्षे ती अनिनीच्या वाटेवरील रोइंग या गावाजवळच्या एका निवासी शाळेत शिकवत होती. त्या काळी आसामातील ढोल्याहून सदियाला जाण्यासाठी लोहित नदी नावेतून ओलांडावी लागे आणि पाणी उतरले की वाळूत रुतलेल्या गाड्या ढकलण्यातच अर्धा दिवस जाई, हे आम्ही लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आलो आहोत. तिच्या वर्गातील काही इदू मिश्मी या तेथील जमातीच्या मुली अनिनीकडच्या होत्या. त्यांपैकी एकीशी तिचा संपर्क अजून टिकून आहे आणि 'बाई, एकदा तरी घरी या' हे तिचे आमंत्रण जवळजवळ चाळीस वर्षे जुने आहे. आत्या स्वतः मात्र रोइंग-अनिनी वाटेवरील मायोदियाच्या खिंडीपलीकडे कधीच गेलेली नाही.

मी आतापर्यंत गोळा केलेली माहिती अशी आहे. अरुणाचलाबाहेरच्या भारतीय नागरिकांना राज्यात प्रवेश करण्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे आयएलपी, घ्यावे लागते. त्याचे मूळ १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमध्ये आहे, आणि आता ते राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून घरबसल्या काढता येते. आम्हा तिघांचे काम त्यात भागेल असे दिसते. अडचण भाच्याची आहे. त्याच्याकडे अमेरिकेचे पारपत्र आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड) आहे. ज्या प्रवासी एजंटाकडे मी चौकशी केली, त्याने 'ओसीआय म्हणजे भारतीयच, त्याचेही आयएलपी काढून देतो' असे छातीठोकपणे सांगितले आणि आगाऊ रक्कमही मागितली. मला ते पटलेले नाही, परंतु तो चूक आहे असे खात्रीने सांगण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

दुसरी शंका जिल्ह्यांची आहे. आत्याच्या आठवणीत रोइंग आणि अनिनी एकाच दिबांग व्हॅली जिल्ह्यात होते. आता नकाशात लोअर दिबांग व्हॅली आणि दिबांग व्हॅली असे दोन जिल्हे दिसतात. अर्जात केवळ शेवटचे ठिकाण लिहून चालते, की वाटेतील जिल्हाही नमूद करावा लागतो? आणि मुक्काम हॉटेलात नसून एखाद्या कुटुंबाच्या घरी असेल, तर प्रवासाचा उद्देश काय लिहावा?

तिसरी बाब मला सर्वांत अधिक काळजीची वाटते. रोइंग ते अनिनी हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि वाटेत २,६५५ मीटर उंचीची मायोदिया खिंड आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि अनिनी गावच त्याहून उंचावर वसलेले आहे. आत्याला रक्तदाबाचा त्रास आहे, गुडघे कुरकुरतात, पण ती एरवी ठणठणीत आहे. हा टप्पा एका दिवसात करावा की मध्ये थांबावे, भाड्याची सुमो पूर्ण घ्यावी की पुढच्या जागा पुरतील, याबाबत अनुभवी व्यक्तींनी स्पष्ट मत द्यावे. तिला नेऊ नका, असे मत असले तरी ते मोकळेपणाने लिहावे. ती तरीही येणार आहे, हा भाग वेगळा.

प्रतिसाद

मी या रस्त्याने दोन वेळा गेलो आहे, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा नोव्हेंबरात. त्या आधारे लिहितो.

सर्वप्रथम भाच्याविषयी. एजंटाचे म्हणणे चूक आहे. ओसीआय कार्डामुळे भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही, परंतु अरुणाचलासारख्या संरक्षित क्षेत्रांच्या बाबतीत त्या व्यक्तीला परदेशी नागरिकाचाच नियम लागू होतो. त्याला आयएलपी नव्हे, तर प्रोटेक्टेड एरिया परमिट, म्हणजे पीएपी, लागेल. या व्यवस्थेचे मूळ १९५८ च्या आदेशात आहे. हा परवाना ठरावीक मार्गांसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी दिला जातो, आणि तो सहसा राज्यात नोंदणी असलेल्या पर्यटन संस्थेमार्फत काढावा लागतो. पर्यटकांच्या बाबतीत तो किमान दोन परदेशी व्यक्तींच्या गटाला देण्याची पद्धत आहे. तुमचा भाचा एकटाच असल्यामुळे नेमकी येथेच गाठ पडेल. म्हणून त्याचे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी अरुणाचलातील नोंदणीकृत संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे आणि परवान्यावर रोइंगबरोबर अनिनीचेही नाव येते की नाही, हे पाहावे. भारतीय म्हणून अर्ज भरून त्याचे आयएलपी काढणे ही खोटी माहिती ठरेल. नाक्यावर पारपत्र पाहिले गेले, तर त्याच्याबरोबर तुमचाही प्रवास तेथेच संपेल. आगाऊ रक्कम दिली नसेल, तर देऊ नये.

तुमच्या तिघांचे काम सोपे आहे. परवाना प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र असतो. उद्देश पर्यटन असाच लिहावा, मुक्काम ओळखीच्या घरी असला तरी त्याने बिघडत नाही. मात्र त्या कुटुंबाचा पत्ता आणि फोन क्रमांक जवळ ठेवावा. जिल्ह्यांविषयीची तुमची शंका रास्त आहे. दिबांग व्हॅली जिल्हा १९८० मध्ये लोहितमधून वेगळा झाला आणि २००१ मध्ये त्याचे पुन्हा दोन भाग झाले, म्हणून आत्याबाईंची आठवण अचूक आहे. अर्जात दोन्ही जिल्ह्यांची नावे लिहावीत. दिब्रुगड–तिनसुकिया–ढोला या बाजूने गेल्यास शांतिपूरच्या नाक्यावर तपासणी होते. तेथे परवान्याची छापील प्रत आणि अर्जात दिलेले तेच ओळखपत्र दाखवावे. मोबाइलवरील प्रतीवर विसंबू नये, कारण नेटवर्क त्याच वेळी दगा देते.

नावेचा त्रास आता उरलेला नाही. मे २०१७ पासून लोहितवर ९.१५ किलोमीटर लांबीचा भूपेन हजारिका सेतू आहे. आत्याबाईंना पुलावर गाडी थांबवून खाली पाहू द्यावे असे मी म्हणणार होतो, पण थांबण्याची परवानगी असेलच असे नाही. चालकाला वेग कमी करायला सांगावे.

खरी कसोटी रोइंगच्या पुढे आहे. अंतर आकड्यांवरून मोजू नये, उजेडावरून मोजावे. पुण्यात नोव्हेंबरात सहा वाजेपर्यंत उजेड असतो. तेथे सव्वाचार-साडेचारलाच अंधार पडतो. याउलट सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्यामुळे पहाटे पाचला निघणे हा तेथील सरळ हिशेब आहे, आणि सुमोही तशाच सुटतात. रस्त्याचे रुंदीकरण आणि दरडी यांमुळे वाटेत तास-दोन तास थांबावे लागणे नेहमीचे आहे. ७३ वर्षांच्या व्यक्तीसाठी मी हा टप्पा एका दिवसात करणार नाही. पूर्ण गाडी भाड्याने घ्यावी, वाटेतील हुनली येथे एक रात्र काढावी (सोय साधी असते, आधी फोनवरून पक्की करावी), आणि परतीच्या बाजूला विमानापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते दोन दिवस वाया गेले असे वाटले, तर ते नशीब समजावे. या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही; खिंडीतील थंडी आणि सततची वळणे यांचाच त्रास होतो. औषधे पंधरा दिवसांची जवळ असावीत, कारण मोठ्या उपचारांसाठी दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजपर्यंत यावे लागते. रोख रक्कमही रोइंगमध्येच काढून ठेवावी.

प्रतिसाद

वरील माहितीत एवढीच भर घालते. २०११ च्या जनगणनेत दिबांग व्हॅली जिल्ह्याची लोकसंख्या ८,००४ होती आणि क्षेत्रफळ ९,१२९ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गृहसंकुलांत एवढी माणसे सहज राहतात. सांगण्याचा मुद्दा असा की अनिनीत कोण कोणाकडे उतरले आहे हे सर्वांना माहीत असते. तुमचे वागणे यजमानीणबाईंच्या नावावर जमा होईल. घरात भिंतीवर मिथुनांच्या (गव्यासारख्या अर्धपाळीव जनावरांच्या) कवट्या लावलेल्या दिसतील. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. रानात मोकळा चरणारा मिथुनही कोणाच्या तरी मालकीचाच असतो. इगू, म्हणजे त्यांचा पुरोहित, एखादा विधी करत असेल, तर कोठे बसायचे आणि केव्हा उठायचे हे घरच्यांनाच विचारावे. वाघाला इदू लोक थोरला भाऊ मानतात, म्हणून त्याविषयी शिकारकथेच्या थाटात बोलू नये, अशी भाच्याला आधीच कल्पना द्यावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एजंटाला मी आज नकार कळवला. भाच्याशी बोलणे झाले. पीएपी हातात आल्याशिवाय तो तिकीट काढणार नाही, आणि परवाना मिळालाच नाही तर तो दिब्रुगडला येऊन आम्हाला परतीच्या वेळी भेटेल, असे ठरले आहे. हुनलीचा मुक्काम आत्याला मान्य आहे, मात्र पुलावर तिला उतरायचेच आहे. पहाटे पाचचे ऐकून ती म्हणाली, "आम्ही चारलाच उठायचो."

आता एकच गोष्ट राहिली आहे. मायोदियाचा रस्ता नेहमी करणारा, वयस्क प्रवाशांना सांभाळून नेणारा रोइंगमधील एखादा चालक कोणाच्या परिचयाचा असल्यास, त्याचा क्रमांक येथे न लिहिता व्यक्तिगत निरोपातून कळवावा, ही विनंती.